समुद्रवाला बरा की बर्फवाला?

...आणि वर मलाच म्हणतात, ‘विचारलंसच कशाला!’ आता याला काय म्हणायचं, सांगा तुम्ही! अहो, मी काय कुणाची जमीन मागितली? कुणाची किडनी मागितली? मी फक्त विचारलं हो! ‘आपल्या खेळातला सगळ्यात चांगला भाग कुठला वाटतो तुम्हाला?’ बस, एवढंच. साधा, सरळ, दोन्ही हात खिशात घालून विचारलेला प्रश्न. आणि तेव्हापासून काय झालं? मेहुणा माझ्याशी बोलत नव्हता, लिफ्टवाला फक्त माझ्याशीच बोलत होता – ते जास्त वाईट – आणि बाई मला ‘आपण’ म्हणायला लागल्या. आणि बायको... नाही, बायकोचं असं मधेच सांगून भागायचं नाही. तिचं नीट सांगतो.

आधी खेळ म्हणजे काय ते ऐका, नाहीतर तुम्ही पत्ते समजाल. कॉम्प्युटरवरचा खेळ. ऑनलाइन. एकेकानं एकेक सोंग घ्यायचं, कुणी ढालवाला, कुणी तिरंदाज, कुणी वैद्य, आणि सगळ्यांनी मिळून एका राक्षसाला बडवायचं. राक्षस मेला की त्याच्या पोटातून एक जिरेटोप निघतो, आणि मग तो टोप कुणी घ्यायचा यावरून राक्षसापेक्षा मोठी लढाई. किती वर्षं खेळतोय म्हणता? सुरुवात केली तेव्हा मला भांग पाडता येत होता, यावरून काय ते समजा! आणि खेळ संपत नाही हो... संपत आला की कंपनी त्याला नवा भाग जोडते. एक्सपान्शन म्हणतात. म्हणजे घरात माणसं मावेनाशी झाली की वर मजला चढवतात ना, तसं. नवा मुलूख, नवे राक्षस, नवे टोप! त्यांची खरी नावं इतकी लांबलचक की उच्चारेपर्यंत राक्षस येऊन आपल्याला मारून जातो. म्हणून आम्ही आपली नावं पाडली. समुद्रवाला, बर्फवाला, पाताळवाला आणि पोपटवाला. हसू नका. पोपटवाल्याला हसलेलं बाईंना चालत नाही.

बाई म्हणजे आमच्या टोळीतल्या तिरंदाज. खऱ्या आयुष्यात शाळेत उपमुख्याध्यापिका, आणि खेळातही तशाच! राक्षस अंगावर धावून येतोय, आणि या आम्हाला ‘गडबड नको, एकेक जण पुढे या!’ मग माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ, तो ढालवाला. एक लिफ्ट दुरुस्त करणारा आहे, तो कुऱ्हाडवाला. बायको वैद्य, म्हणजे पडलेल्याला उठवायचं, जखमा भरायच्या. आणि मी म्होरक्या. मी का? तर टोळी काढली तेव्हा ‘म्होरक्या कोण होणार?’ असा प्रश्न आला, बाकीचे सगळे एक पाऊल मागे सरले, आणि मला मागे सरकायचं बटण सापडलं नाही.

तर मध्यंतरी कंपनीनं जाहीर केलं की हे जुनं जग आता आम्ही बंद करणार, आणि त्याऐवजी प्रत्येक मजला वेगळा करून पुन्हा नव्यानं उघडणार. प्रत्येक टोळीनं कुठलाही एकच निवडायचा, सगळ्यांनी मिळून तिथे राहायला जायचं. बटण म्होरक्यानं दाबायचं. एकदाच! परत फिरणं नाही. आणि रविवारी दुपारपर्यंत ज्यांचं ठरणार नाही त्यांची टोळी बरखास्त, ज्यानं त्यानं कुठेही जावं. अहो, या माणसांशिवाय मला आहे कोण? माझं चष्म्याचं दुकान, मी डोळे तपासतो, दिवसभर माझ्यासमोर नाकाला नाक लावून माणसं बसलेली असतात, पण त्यातलं एक तरी मला ओळखतं? कसं ओळखणार? दिसत नाही म्हणूनच तर येतात!

आणि इथे माझ्या धंद्यानं माझा घात केला. कसं असतं, खुर्चीत माणूस बसला की आम्ही भिंगं बदलत बदलत विचारतो, ‘हे बरं... की हे? पहिलं... की दुसरं?’ असं करत करत एक वेळ येते, तो कंटाळून म्हणतो, ‘दोन्ही सारखंच दिसतंय.’ झालं! नंबर सापडला! मला वाटलं, टोळीचाही नंबर असाच काढू. म्हणून आम्ही सगळे हेडसेट लावून जमलो आणि मी सुरू केलं, ‘बर्फवाला बरा... की पाताळवाला?’

मेहुणा उसळलाच. ‘दाजी, पाताळवाल्याचं नाव बर्फवाल्याबरोबर घेऊच नका! पाताळवाल्यात माणसाचा कस लागायचा. त्या आगीच्या राक्षसापुढे मी एकटा उभा होतो, एकटा!’ आता खरी गोष्ट अशी की तो एकटा उभा होता कारण आम्ही बाकीचे मेलो होतो. पण त्या वर्षी त्याची नोकरी गेली होती, बिचारा दिवसभर घरी, आणि त्याला ‘वा रे पठ्ठे’ म्हणणारं जगात एकच ठिकाण होतं ते पाताळ. ते मला कळतं हो! कळतं, पण काय करणार?

तेवढ्यात बाई, ‘बोलण्यापूर्वी हात वर करायचा असतो.’ आता हेडसेटवर हात वर केलेला कुणाला दिसतो? पण केला आम्ही! ‘माझ्या मते पोपटवाला सर्वोत्तम. तिथे पक्षी पाळता येतात, आणि ते सांगितलेलं ऐकतात. मला दिवसातून तासभर असं कुणीतरी हवं असतं.’ बरोबर आहे ना त्यांचंही? आठशे पोरांच्या शाळेतून आलेली बाई!

आणि लिफ्टवाला म्हणजे तर... त्याला मजलाच नको! ‘मूळ खेळ तो मूळ खेळ. मजले चढवले आणि बिघाड सुरू झाला. मी रोज बघतो ना! तळमजल्याला कधी कुणी अडकलेलं ऐकलंय?’ अरे पण, तू कशाला अडकतोस, पर्यायात मूळ खेळ नाहीच! तर म्हणतो, ‘मग जो सगळ्यात खाली असेल तो घ्या.’ त्याला म्हटलं, सगळ्यात खाली पाताळवाला. तर म्हणतो, ‘तळघर मोजत नाहीत!’

मी आपला भिंगं बदलतोय. पाताळवाला बरा की पोपटवाला? पोपटवाला की समुद्रवाला? बर्फवाला भारी पडला पाताळवाल्याला, पाताळवाला पोपटवाल्याला, पोपटवाला समुद्रवाल्याला... आणि समुद्रवाल्यानं बर्फवाल्याला पाडलं! फिरून तिथेच! असं डोळ्यांच्या बाबतीत कधी होत नाही हो. आणि मी वाट बघतोय, आता कुणीतरी म्हणेल, ‘दोन्ही सारखंच.’ एक माणूस म्हणेना! उलट मेहुणा पोपटांना ‘कोंबड्या’ म्हणाला, बाईंनी त्याला बाहेर उभं राहायला सांगितलं, तो खरंच गेला, आणि त्या दिवशी परतच आला नाही. मी काय केलं यात? मी फक्त विचारलं!

माझा स्वतःचा? बर्फवाला! अर्थातच बर्फवाला. तिथेच तर बायको भेटली मला. म्हणजे तेव्हा ती बायको नव्हती. मी एका बर्फाच्या पुलावरून घसरून दरीत मरून पडलो होतो, ही वरून चालली होती, खाली उतरली, मला उठवलं आणि लिहिलं, ‘कडेकडेनं चालत जा.’ पुढे लग्न झालं! तेव्हा तिचं मत मी गृहीतच धरलं होतं. तिचं बर्फवाल्याला मीच टाकत होतो. आमच्या लग्नाचा मांडवच जणू तो, तिला काय विचारायचं?

रविवार उजाडला. सकाळपासून सगळे हेडसेटवर, पण कुणी कुणाशी बोलत नाही, नुसते श्वास ऐकू येतायत. म्हटलं, बायको सगळ्यांची लाडकी, ती बोलली तर ऐकतील. हेडसेट गळ्यात टाकला आणि स्वयंपाकघरात गेलो. मटार सोलत होती. म्हटलं, ‘अगं, तूच सांग त्यांना. बर्फवाला म्हणून सांग.’

‘मला समुद्रवाला आवडतो,’ ती म्हणाली.

मला वाटलं, थट्टा करतेय. म्हटलं, ‘समुद्रवाल्यात तर मी नव्हतोच! तेव्हा मी दुकान टाकलं होतं, वर्षभर खेळ बंद होता माझा.’

‘हो ना,’ ती म्हणाली.

‘हो ना’! मग म्हणालो, ‘म्हणजे मी नव्हतो म्हणून आवडतो?’ आवाज जरा चढलाच असेल माझा. ती म्हणाली, ‘तसं नाही रे. समुद्रवाल्यात मी वैद्य नव्हते. होडीत बसायचं, गळ टाकायचा. मासा लागला तर लागला. कुणी हाका मारत नव्हतं. मग बर्फवाल्यात तू पडलास, मी तुला उठवलं... आणि तू रोजच पडायला लागलास. तेव्हापासून औषधांची पिशवी घेऊन मी तुमच्या मागे धावतेय. इकडे तुझं पित्त, आईंचे गुडघे, तिकडे तुमच्या जखमा. मला एकदा नुसतं बसायचंय.’

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं, खोटं कशाला बोलू? पण माणूस वाईट वाटलं की भलतंच बोलतो. मी म्हणालो, ‘मग कधी बोलली का नाहीस? मी काय... मी फक्त विचारलं असतं तर...’ आणि वाक्य तिथेच अडकलं, कारण पुढे काय ते मलाही दिसलं! ती म्हणाली, ‘इतक्या वर्षांत आज विचारलंस. तेही बर्फवाला म्हणून सांग, असं.’

एवढ्यात माझ्या गळ्यातून आवाज आला, ‘वहिनी, रडू नका.’ माइक चालू! सगळा संसार टोळीनं ऐकला! बायको म्हणाली, ‘मी रडत नाहीये, मटार आहेत, कांदे नाहीत.’ पण लिफ्टवाला स्वतःच रडत होता. बाई म्हणाल्या, ‘माझे पोपट राहू देत. समुद्रावर बगळे तरी असतीलच.’ मेहुण्यानं इतक्या दिवसांनी तोंड उघडलं, ‘ताई म्हणेल तिथे. पण मनाविरुद्ध, हे लिहून ठेवा.’ आणि लिफ्टवाला म्हणाला, ‘समुद्रसपाटी म्हणजे तळमजलाच की!’

मी बटण दाबलं. दुपारच्या आत! टोळी वाचली! डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या. बायकोनं पिशवी टाकून गळ घेतला, मेहुण्यानं होडी पाण्यात लोटली, ती चढली, बाई चढल्या, लिफ्टवाला चढला, मेहुणा चढला, आणि मी पाय टाकला... तर पाय पडेना! पुन्हा टाकला, पुन्हा धक्क्यावरच! म्हटलं, बिघडलंय काहीतरी. तर मेहुणा म्हणतो, ‘दाजी, समुद्रवाल्यात होडीत चारच जण बसतात. तेव्हा कुठलीही टोळी चारचीच असायची.’

म्हटलं, ‘अरे, मग आधी सांगायचंस ना!’

तर म्हणतो कसा, ‘तुम्ही विचारलंच नाहीत.’

आता पाचातून एकानं मागे राहायचं. कुणी? तुम्हाला खोटं वाटेल, आठवडाभर ज्यांचं एका पोपटावर एकमत होईना, त्यांचं या बाबतीत एका श्वासात झालं. बाईंनी तर हातही वर केला नाही.

तेव्हापासून रोज दुकान बंद करून मी घरी येतो, हेडसेट लावतो आणि धक्क्यावर जाऊन उभा राहतो. म्होरक्याच आहे अजून, काढलेलं नाही. होडी लांब जाते. बायको गळ टाकून बसलेली असते, काहीतरी गुणगुणत. शेजारच्याच खोलीत असते खरं तर, पण गुणगुणणं हेडसेटमधून जास्त छान ऐकू येतं. धक्क्यावर मला काम काहीच नाही. एक हात हलवायचं बटण आहे, ते दाबतो. तीही हलवते हात. नाही असं नाही... मासा लागलेला नसला, तर हलवते.