दोघांच्या मापाची गाडी

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आदरणीय हरिबा कदम साहेब, व्यासपीठावर विराजमान झालेले मान्यवर, सत्कारमूर्ती मच्छिंद्र ओव्हाळ आणि त्यांच्या सौभाग्यवती रंभाताई, रेल्वे शेडमधली सर्व कर्मचारी मंडळी आणि माझ्यासमोर दाटीवाटीनं बसलेल्या दौंडकर बंधुभगिनींनो,

सूत्रसंचालकांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. वरवंडच्या शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलेल्या माणसाला पाच मिनिटं म्हणजे कवीचा जन्म कुठे झाला एवढं सांगायलाच लागतात. तरी प्रयत्न करतो.

आधीच्या वक्त्यांनी मच्छिंद्ररावांच्या छत्तीस वर्षांच्या सेवेचा गौरव केला. इंजिनं, डबे, अपघाताच्या वेळची धावपळ, सगळं आलं. पण रेल्वेच्या कुठल्याच रजिस्टरात नसलेलं त्यांचं एक काम आहे. ते माझ्या अंगणात झालं. ते आज मी सांगितलं नाही, तर दुसरं कोण सांगणार?

माझ्याकडे एक जुनी उघडी गाडी आहे, हे आपण जाणताच. छप्पन साली बनलेली, कापडी टपाची. कालव्यावरचे एक इंजिनिअर बदली होऊन निघाले, तेव्हा एकोणऐंशी साली त्यांच्याकडून मी ती घेतली. टप मागे सारला, की डोक्यावर आभाळ आणि दोन्ही अंगांना उसाचे तुरे. अशा वेळी तोंडून कविता बाहेर पडणार नाही तर काय पडेल? पण उघड्या गाडीचं एक दुखणं असतं. वर पक्कं छत नाही, त्यामुळे सगळा भार खालच्या सांगाड्यावर. वय झालं, तसा तो सांगाडा मध्येच खचू लागला. आणि सांगाडा खचला, की दारं लागेनाशी होतात.

एकोणनव्वद साली आम्ही उभयता एका लग्नाला निघालो होतो. पाटसच्या वळणावर आमच्या सौभाग्यवतींच्या, म्हणजे रतनबाईंच्या, बाजूचं दार आपोआप उघडलं. देवाच्या कृपेनं त्या पडल्या नाहीत. मांडीवरचा रुखवताच्या लाडवांचा डबा मात्र गेला. भर हमरस्त्यावर लाडू धावताहेत आणि मागून ट्रक येतोय, हे दृश्य मी आजही विसरलेलो नाही. रतनबाई खाली उतरल्या, पदर खोचला आणि चालत एसटीच्या थांब्यावर गेल्या. त्यानंतर नऊ वर्षं त्या माझ्या गाडीत बसल्या नाहीत! कुठंही जायचं, तर त्या एसटीत आणि मी बसच्या मागे गाडीतून. आपण हसताय, पण आपल्यापैकी अनेकांनी आमची ही वरात पाहिलेली आहे.

अठ्ठ्याण्णव साली दसरा जवळ आला. दरवर्षी गाडीला हार घालायचा मान रतनबाईंचा. त्या वर्षी त्यांनी सांगून टाकलं, "जी गाडी मला आत धरून ठेवत न्हाई, तिला मी हार घालणार न्हाई. दसऱ्यापर्यंत दार लागलं तर ठीक, न्हाईतर हौसरावला बोलवा." हौसराव म्हणजे वरवंडचे भंगारवाले. चांगला माणूस, पण मला त्या दिवसापासून त्यांचं नावसुद्धा ऐकवेना.

मी मच्छिंद्ररावांकडे गेलो. त्यांनी गाडीखाली पाठीवर पडून अर्धा तास पाहणी केली आणि म्हणाले, "गुरुजी, हिची कंबर गेलीया. दोन्ही दारांच्या खालून लांब लोखंडी चॅनेल टाकू, मधी आडवी फुली मारू. कंबर ताठ होईल. पर मला दसऱ्याला नागपूरला जायचंय, दीक्षाभूमीला. त्याच्या आधी उरकाया पायजे."

शिरूरच्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून चॅनेल वाकवून घेतले आणि न्हावऱ्याच्या एसटीच्या टपावर टाकून आणले. कंडक्टर म्हणाला, "काय गुरुजी, आता पोरांना ह्यानं मारणार व्हय?" अंगणात बाभळीच्या ओंडक्यांवर गाडी चढवली. दाराची फट मोजायला मी पाटीवरची पेन्सिल दिली. पेन्सिल वरपासून खालपर्यंत सारखी सरकली, की फट बरोबर.

आता माझी चूक ऐका. मच्छिंद्ररावांनी मला समजावलं, "मी तरुणपणी मुंबईला डब्यांच्या कारखान्यात होतो. तिथं डब्याच्या सांगाड्याला पोटाशी थोडी वर कमान देत्यात. माणसं बसली, की भारानं तो सरळ होतो. रिकाम्या डब्याचं माप कुणी घेत न्हाई. तवा सांगा, गाडीत कितीजण बसणार?"

मी म्हणालो, "मी एकटाच."

नऊ वर्षांची सवय, दुसरं काय? रतनबाई ओट्यावर बाजरी पाखडत होत्या. त्यांच्या सुपाचा आवाज क्षणभर थांबला, एवढं मला आठवतं. तेव्हा मात्र त्याचा अर्थ मला लागला नाही.

मला आत बसवून, जॅकनं सांगाडा वर उचलून माप घेतलं. भोकं पाडली, बोल्ट कसले. दार ओढलं तर खट्ट! काय तो आवाज, मित्रहो! चार वृत्तं एकदम जुळल्यासारखा. मी धावत जाऊन रतनबाईंना बोलावलं. त्या आल्या, शेजारी बसल्या, आपल्या बाजूचं दार ओढलं. दार दोन बोटं बाहेरच राहिलं. पुन्हा ओढलं. पुन्हा तेच. त्या उतरल्या आणि शेजारच्या माणसाबरोबर हौसरावांना निरोप धाडला, उद्या सकाळी या म्हणून.

मच्छिंद्ररावांनी हातातला पाना खाली ठेवला. "गुरुजी, पोरांना जन्मभर शिकवलंत, आन् घरात माणसं किती हायत त्येवढं सांगता आलं न्हाई?"

अध्यक्ष महाराज, निवृत्तीनंतर माझा कान कुणी धरला असेल तर तो या माणसानं.

सुदैवानं वेल्डिंग झालेलं नव्हतं. आधी बोल्टवर बसवायचं, खात्री झाली की मगच वेल्ड मारायचा, ही त्यांची शिस्त. दुसऱ्या दिवशी त्यांनी शेडमधून सुट्टी काढली. बोल्ट सैल केले आणि ओट्यापाशी जाऊन उभे राहिले.

"बाई, चला, बसायला लागतंय."

"मी कशाला? ह्यांची एकट्याची गाडी हाय."

"बाई, तुमच्याबिगर माप निघत न्हाई."

 रतनबाई सूप घेऊन उठल्या आणि गाडीत येऊन बसल्या. मी शेजारी. दोन तास आम्ही हलायचं नव्हतं! सारी गल्ली बघायला लोटली. शेजारच्या कुशाबाई कुंपणावरून ओरडल्या, "रतन, कुठं निघालीस गं?" या म्हणाल्या, "कुठं न्हाई. वजन म्हणून बसलेय."

वेळ जावा म्हणून मी पाचवीच्या पुस्तकातली एक कविता चालीवर सुरू केली. खालून आवाज आला, "गुरुजी, कविता खुशाल म्हना, पर ठेक्याला मान डोलवू नका. हितं फट हालतीया."

मी कविता थांबवली. आणि मग रतनबाई बाजरीतले खडे वेचता वेचता, माझ्याकडे न बघता बोलल्या. "एसटीत मी मागच्या शिटावरच बसायची. काचंतून बघत. ही गाडी दिसंना झाली, की जीव खालीवर व्हायचा."

श्रोतेहो, नऊ वर्षं मला वाटत होतं की मी बसच्या मागे राहून हिची सोबत करतोय. वळून तिच्याकडे बघावं म्हटलं, तर मान हलवायचीसुद्धा परवानगी नव्हती.

तेवढ्यात हौसराव टेम्पो घेऊन दारात. "गुरुजी, गाडी न्यायला आलोय."

मी तोंड उघडायच्या आत रतनबाई म्हणाल्या, "गाडी रिकामी न्हाई, हौसराव. बसल्यालं दिसत न्हाई व्हय?"

हौसराव चहा पिऊन गेले. पेन्सिल दोन्ही दारांच्या फटीतून वरपासून खालपर्यंत सरळ उतरली. बोल्ट कसले गेले, आम्हाला उतरवून वेल्ड मारला गेला, आणि मच्छिंद्रराव रात्रीच्या गाडीनं नागपूरला रवाना झाले. दसऱ्याला गाडीला हार पडला. तेव्हापासून तीन वर्षं झाली, एसटी महामंडळाचं एक तिकीट आमच्यामुळे बुडतंय.

मच्छिंद्रराव, आपण आता दौंड सोडून तळेगाव ढमढेऱ्याला, आपल्या गावी राहायला जाताय. आपल्या माघारी एखादा बोल्ट सैल झाला तर मी कुणाकडे जाऊ? या विचारानं काल मी जरा उदास होऊन बसलो होतो. रतनबाई म्हणाल्या, "तळेगाव काय विलायतेत हाय? जाऊ की गाडी घेऊन." तेव्हा वहिनी, पाहुणे येणार, हे आजच सांगून ठेवतो.

युनियननं सत्कारमूर्तींना घरी पोचवायला जीप सजवली आहे. युनियनची क्षमा मागून सांगतो, ती रिकामीच जाईल. आमची गाडी बाहेर उभी आहे आणि आमच्या सौभाग्यवती दहा मिनिटांपूर्वीच उठून पुढच्या शिटावर जाऊन बसल्या आहेत. मागे ओव्हाळ दांपत्यानं बसायचं आहे. चौघांचं माप आपण कधी घेतलेलं नाही. पण दार लागलं नाही, तरी आज चिंता नाही, कारागीर आतच असेल.

संयोजकांनी माझ्यासारख्या बडबड्याला माईक सोपवण्याचं धाडस केलं, त्यांचे आभार. पाच मिनिटांची पंधरा केली, मोठ्यांसमोर घरचं बोललो, कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल. गुरुजींचा पेपर म्हणून जरा सढळ हातानं गुण द्या आणि मला मोकळं करा. बाहेर हॉर्न वाजतोय.

जय भीम, नमस्कार.