आबांनी पारखलेली दोन दारांची गाडी

…आणि वर लोक मलाच विचारतात, नामाशेठ, एवढं कुटुंब तुमचं, कळंबला भाताची गिरणी तुमची, आणि गाडी घेतलीत ती दोन दारांची? तीही जुनी? तीही मुंबईच्या कुणा हौशी माणसानं शर्यतीत पळवलेली? आता यांना काय सांगायचं… तुम्हाला म्हणून सांगतो, मला चार दारांचीच हवी होती. गुपचूप चालणारी, तेल कमी पिणारी, खिशाला झेपणारी, चारचौघांसारखी. पण बरोबर आबांना नेलं ना, तिथं सगळं फिरलं. अहो, गाडी घ्यायला गेलो होतो, बैल नाही!

घरात जीप होती. पण जीप म्हणजे गिरणीची. तांदूळ तिच्यातून, कोंडा तिच्यातून, गावातलं लग्न निघालं की वऱ्हाड तिच्यातून, कुणी तापानं फणफणलं की कर्जतचा दवाखानाही तिच्यातूनच, कोंड्यावर बसून. आमची मंडळी, मैना, कर्जतला बाजाराला गेली तरी लोक तिला बघून म्हणायचे, गिरणीवाल्याची बायको आली वाटतं. तोंडाकडे न बघता म्हणायचे, लुगड्यावरच्या कोंड्याकडे बघून. तेव्हा दुसरी गाडी हवी, हे घरात बरीच वर्षं चाललं होतं, आणि मी ते बरीच वर्षं ऐकून न ऐकल्यासारखं करत होतो. पण शहाऐंशी साली वाघ्या गेला आणि मग टाळता येईना.

वाघ्या म्हणजे आबांचा बैल. आणि आबा म्हणजे माझे वडील, आबाजी. तुमच्यातल्या जुन्या माणसांना नाव आठवत असेल. सत्तर-एकाहत्तरच्या सुमाराला कर्जत-खालापुरात कुठंही शर्यत असो, माळावर आबाजीचा छकडा आला की पोरं झाडावर चढायची. काय दिवस होते हो ते… छकडा कसला, दोन चाकांवर ठेवलेली चार लाकडं, त्यावर आबा उभे, कासरा दाताला लागेल असे वाकलेले, आणि पुढं वाघ्या. धुळीत बैल दिसायचा नाही, नुसतं आबांचं पागोटं सरकताना दिसायचं. जिंकून आले की वाघ्याच्या अंगावर एवढा गुलाल असायचा की आई म्हणायची, आधी बैल धुवा, मग धनी ओळखू येईल. मी तेव्हा मॅट्रिकला. पुस्तक उघडं ठेवून गोठ्याच्या दारात बसायचो, कारण त्या दिवशी घरात आबांइतकं गोड बोलणारं माणूस नसायचं.

मग खालापूरची ती शर्यत झाली. खालापूरचे नागूकाका, आबांचे जिवाभावाचे दोस्त, एका ताटात जेवणारे… दोघांचे छकडे दोरीशी एकदम आले. पंचांनी निशाण नागूकाकांना दिलं. आबा म्हणाले, वाघ्याचं नाक पुढं होतं. नागूकाका म्हणाले, पंचांनी बघितलंय. झालं. त्या दिवसापासून बोलणं बंद. पंधरा वर्षं. एकमेकांच्या घरची लग्नं झाली, मयतं झाली, हे गेले नाहीत, ते आले नाहीत.

असा तो वाघ्या म्हातारा होऊन दावणीलाच गेला आणि आबा बसले. ओटीवर बसले ते रिकाम्या दावणीकडे तोंड करून. जेवा म्हटलं की जेवायचे, उठा म्हटलं की उठायचे. बोलणं जवळजवळ संपलंच. मैना पानात मुद्दाम मीठ कमी घालायची, निदान ओरडतील तरी म्हणून. तेही मुकाट खायचे. डॉक्टर म्हणाले, यांना काही झालेलं नाही, यांना बाहेर काढा, वारा लागू दे. पण काढायचं कसं? गुडघे गेलेले, जीपवर चढवायला दोन माणसं लागायची, आणि एकदा असं पोत्यासारखं वर घेतल्यावर त्यांनी जीपचं नावच टाकलं. म्हणून म्हटलं, एक बुटकी, लहानशी, जुनीच पण बरी गाडी बघू. मैनाही सुटेल, आबाही बसतील.

पहिली बघितली कर्जतच्या एका वकिलांची. दुधाळ रंगाची, ऐसपैस, चार दारं, मागची गादी अशी की माणसाला झोप लागावी. माझं मन तिथंच बसलं. जीप नको म्हणून टॅक्सी केली, आबांना हाताला धरून नेलं. त्यांनी समोरून बघितलं, मागून बघितलं, आणि एकच शब्द बोलले. "म्हैस." वकील तिथंच उभे हो! मी विषय बदलला, चहा घेतला, निघालो. दुसरी शेलूला होती, एका मास्तरांची. ती चांगली होती, पण आबा टॅक्सीतून खालीच उतरले नाहीत. काचेतूनच मान हलवली. म्हणाले, "बसलेली हाय." गाडी बसलेली नसते, उभी असते, हे मी सांगायला गेलो, तर मैनानं माझ्या कोपराला चिमटा काढला. कारण काय, तर आबा एका आठवड्यात दोनदा बोलले होते.

मग गेलो चौकला. तिथं हमरस्त्याला कमळ्याचं गॅरेज. कमळ्या माझ्या वर्गातला, जुन्या गाड्यांची देवघेव करायचा, आणि त्याच्या तोंडून कुठलीही गाडी कधी वाईट निघालेली मी ऐकलेली नाही. त्यानं माझ्यासाठी एक चार दारांची पुसून ठेवली होती. मी तिच्या भोवती फिरतोय, चाकं बघतोय, दारं उघडतोय, मिटतोय… आणि बघतो तर आबा शेजारी नाहीत. गॅरेजच्या पार कोपऱ्यात, टायरांच्या ढिगामागे, एक चिमुकली लाल गाडी होती, तिच्यासमोर उभे. दोन दारं, मागचं झाकण पेटीसारखं वर उघडणारं, पुढं बटाट्यासारखे दोन जास्तीचे दिवे, आणि दारावर शर्यतीचा आकडा, अर्धा खरवडलेला. आबांनी काठी भिंतीला टेकवली. तिच्या तोंडासमोर वाकले. मग तळहात बॉनेटवरून फिरवत फिरवत छपरापर्यंत नेला, तिथून मागे, आणि मागच्या बाजूला दोन थापा मारल्या. कमळ्याकडे बघून म्हणाले, "चालवून दाव."

कमळ्यानं आवारातच फेरी मारली. आबा तिच्याकडे मागून बघत होते. मागून बघितल्याशिवाय चाल कळत नाही म्हणे. गाडी परत येऊन थांबली, इंजिन चालूच, आणि ती उभ्या जागी थरथरत होती. मला वाटलं, इंजिन ढिलं आहे. होतंच ढिलं. पण आबा हसले. दात दिसेपर्यंत हसले. "बग," म्हणाले, "हुबी हाय तरी पाय सळसळतायत. हीच."

मी मैनाला बाजूला घेतलं. म्हटलं, अगं मागं बसायला पुढची सीट वाकवायची, मग आपण वाकायचं, दोन पोरं कशी बसतील, तू कशी बसशील? गाडी घ्यायला आलोय आपण, बैल नाही! आणि इतकी वर्षं गाडी मागणारी ती बाई, तिनं आबांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"घ्या," म्हणाली. "मी वाकेन."

घेतली. आता घरी आणल्यावर लोक गाडीला हार घालतात, नारळ फोडतात, इथपर्यंत ठीक. आबांनी बॉनेटवर गुलाल टाकला. वाघ्याची झूल पेटीतून काढून मागच्या सीटवर अंथरली, ती घरातल्या कुणालाही झटकू दिली नाही. रोज सकाळी नदीवर न्यायची. मी चालवत न्यायची, ते धुणार. चाकं चोळताना वाकून तिच्याशी बोलायचे, हळू, मला ऐकू येणार नाही असं. मीही ऐकत नव्हतो. खोटं कशाला बोलू, मी पाण्यात पाय सोडून बसायचो आणि मला परत मॅट्रिकला असल्यासारखं वाटायचं.

संध्याकाळी नेरळच्या रस्त्याला फेरी. आबा पुढं, माझ्या शेजारी. आणि त्यांचा एकच नियम, पुढं कुणी असता कामा नये. एस.टी. दिसली की गुडघ्यावर बोटं वाजायला लागायची. टेंपो दिसला की माझ्याकडे बघायचे. मी जात्याच भित्रा माणूस, गिरणीचा पट्टासुद्धा लांबून बघतो. मी हळू घेतली की म्हणायचे, तुला कासरा धरता येत नाय. अहो, स्टिअरिंग असतं ते! पण भूक लागायला लागली होती त्यांना. मीठ कमी पडलं की ओरडायला लागले होते. मैना आत जाऊन हसायची.

मग एके दिवशी म्हणाले, खालापूरला घे. मी ओळखलं. विचारलं नाही. नागूकाकांचं घर रस्त्याला लागूनच, ते स्वतः ओट्यावर बसलेले, काठी मांडीवर. आबा म्हणाले, जोरात ने. नेली. पुढं जाऊन वळवली. परत ने, हॉर्न वाजव. नेली, वाजवला. नागूकाका नुसते मान इकडून तिकडे करत होते. आबांचं समाधान होईना. परत म्हणाले. आणि तिसऱ्या वेळी, बरोबर त्या ओट्यासमोर, आमची गाडी दोन आचके देऊन बंद पडली. मी किल्ली फिरवतोय, ती ढिम्म. आबा समोर बघत ताठ बसलेले. मला वाटलं, धरणी दुभंगावी आणि गाडीसकट आत घ्यावं.

नागूकाका उठले. काठी टेकत, पायानं चाचपत आले. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्यांना दिसत नाही. दोन्ही डोळे पांढरे. आम्ही ज्यांना दाखवायला एवढी धूळ उडवत होतो, त्यांना काही दिसलंच नव्हतं. त्यांचा हात बॉनेटला लागला. मग तो तसाच वर गेला, छपरावरून मागे, आणि मागं पोचल्यावर त्यांनी दोन थापा मारल्या. परत फिरून आबांच्या खिडकीशी आले.

"आबाजी," म्हणाले, "जनावर तुझंच असनार."

आबा म्हणाले, "नागू, तुला दिसत नाय?"

"नाय रं. दोन वर्सं झाली." खिडकीची कड चाचपली. "पन त्या दिशी दिसलं व्हतं. वाघ्याचं नाक पुढं व्हतं."

मी आबांकडे बघितलं. पंधरा वर्षं ज्या वाक्यासाठी माणूस झुरला, ते आलं, आता हे काय बोलणार? त्यांनी दार उघडलं. गुडघे धरत उतरले. सीट वाकवली, आणि ज्या माणसाला जीपवर चढता येत नव्हतं, तो स्वतः घडी होऊन मागं झुलीवर जाऊन बसला आणि नागूकाकांना म्हणाला, "पुढं बस. पुढं वारा लागतो."

गाडीला धक्का अख्ख्या आळीनं मारला. दोघांना हायवेवर घाटाच्या पायथ्यापर्यंत नेऊन आणलं. सगळा वेळ आबा मागून सांगत होते, आता ट्रक, आता वडाचं झाड, आता आपण पुढं. नागूकाका खिडकीबाहेर तळहात धरून बसले होते.

पुढं ते दर आठवड्याला ठरूनच गेलं. भाताच्या दिवसांत मला गिरणी सोडता येईना, तर म्हाताऱ्यांची चुळबुळ. म्हणून मैना गाडी शिकली. कमळ्यानं शिकवलं. आणि तुम्हाला सांगतो, पहिल्याच फेरीला आबा येऊन म्हणाले, सूनबाईचा हात चांगला हाय, तू आता गिरणीच बघ. म्हणजे मी वडिलांना फिरवायला गाडी घेतली आणि वडिलांनीच मला उतरवलं. रविवारी ओटीवर उभा राहून बघायचो मी… लाल ठिपका, पुढं पागोटं, मागं धूळ. सासऱ्याला घेऊन निघालेली माझी बायको, पदर खोचून, खालापूरकडे. काय तिचा थाट! बैल घेतला असता तरी एवढा थाट झाला नसता.

गेल्या वर्षी आधी नागूकाका गेले. मग आबा, भात कापायच्या दिवसांत. झोपेतच. गाडी चार दिवस अंगणात तशीच होती, कुणी धुतली नाही. मला ती बघवेना. एके दिवशी मैनाला म्हटलं, आता कशाला दोन गाड्या. खर्च दोन्हीचा, आणि दोन दारांत आपण मावत नाही, हेही खरं. एक विकून टाकू.

मैना ताट वाढत होती. मान वर न करता म्हणाली, "विका की. जीप विका."

…विकली. काय करता. आता तांदूळ टेंपोनं जातो, आणि मीही त्याच टेंपोनं जातो.