अंश वर, छेद खाली

सकाळी सात वाजून बावीस मिनिटांनी, तुम्हाला सांगते, अगदी बावीस, कारण शाळेची गाडी साडेसातला येते आणि त्या वेळी माझा एक डोळा चुलीवर नि एक घड्याळावर असतो... तर सात बाविसाला माझ्या हातात उघडा डबा, आणि डब्यात काय? काही नाही! म्हणजे घरात खायला नव्हतं असं नाही हं, गैरसमज नको, घरात होतं, पण ज्याला जे चालतं ते संपलं होतं आणि जे उरलं होतं ते नेमकं ज्याला चालत नाही त्याच्यासाठी उरलं होतं, आणि हे काही त्या दिवसाचं नाही, हे माझं रोजचंच रडगाणं आहे, ऐका तरी!

आमच्या घरात माणसं चार. सासूबाईंना गहू चालत नाही. पोटात गेला की पोट टम्म फुगतं, आणि मग त्या रात्रभर 'आई गं, आई गं' करतात, आणि मला कळत नाही की ही आई म्हणजे त्यांची की मी. आमच्या ह्यांना अंडं चालत नाही. अंगभर गांधी उठतात, आणि मग पाठ खाजवायला कोण? मी! आणि आमची लेक, सहा वर्षांची, नाव चांगलं ठेवलंय पण एका जागी बसत नाही म्हणून सगळे भिंगरीच म्हणतात, तिला दूध चालत नाही आणि शेंगदाणाही चालत नाही. दूध नाही म्हणजे लोणी नाही, चीज नाही, आइस्क्रीम नाही, दुसऱ्यांच्या वाढदिवसाचा केक नाही... एकदा चुकून एक घोट गेला होता तर ओठ सुजले, डोळे मिटले, श्वासाला शिटी वाजायला लागली, आणि मी तिला उचलून अनवाणी पळाले होते दवाखान्यात. तेव्हापासून मी पाकिटांवरचं बारीक अक्षर देवासमोर बसल्यासारखं वाचते. आणि मी? मला काय, मला सगळं चालतं!

आता तुम्ही म्हणाल, चला, एक तरी सुखी आहे. सुखी? अहो, ज्या घरात एकाच माणसाला सगळं चालतं ना, त्या घरात कचऱ्याची बादली वेगळी लागत नाही! चुकून आणलेलं कोण खाणार? मी. सासूबाईंचा तो बिनगव्हाचा पाव माहितीये तुम्हाला? त्याची किंमत ऐकून हे म्हणाले, "एक पाव आणलास की बेकरी विकत घेतलीस?" आणि तो पाव सासूबाईंनी एकदा चावून बघितला आणि म्हणाल्या, "सूनबाई, दात माझे उरलेत चारच, तेवढे तरी राहू दे." म्हणजे तो पाव कोणी खाल्ला? टाकायचा कसा हो, एवढा महाग! भिजवून खाल्ला, भाजून खाल्ला, शेवटी डोळे मिटून खाल्ला. मला काय, मला सगळं चालतं! खालच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या ताई आहेत, त्या माझे कपडे दर दोन महिन्यांनी उसवून सैल करतात आणि दर वेळी म्हणतात, "आता उसवायला शिवणच उरली नाही गं. कमी खा." अहो ताई, मी खात नाही, मी संपवते!

तर सात बावीस. तशीच जिने उतरून कोपऱ्यावरच्या दुकानात धावले. दुकानदार नुकताच शटर वर करत होता. म्हणाला, "या वहिनी, तुमच्यासाठीच ठेवलंय. बिस्किटं, नवीन कंपनी, अर्धी किंमत!" अर्धी किंमत म्हटलं की माझे कान असे टवकारतात ना... पण मी शहाणी! मी पाकीट उलटं करून वाचायला लागले. गहू, साखर, तेल, मीठ... मागे पाव घ्यायला आलेला एक माणूस सुस्कारे सोडतोय, "बिस्किटं खायचीत की परीक्षेला बसायचंय?" मी लक्षच दिलं नाही. आणि अगदी तळाशी, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात, काय लिहिलेलं? 'यात दूध व शेंगदाणे यांचे अंश असू शकतात.'

अंश!

आता मी शाळेत गेले सातवीपर्यंत, पुढे घरच्यांनी पाठवलं नाही, पण जेवढं शिकले ना तेवढं पक्कं! आमच्या गणिताच्या बाई हातात पट्टी घेऊन विचारायच्या, "अंश कुठे?" आणि आम्ही साठ पोरं एका सुरात, "वर!" "छेद कुठे?" "खाली!" चुकलं की पट्टी. मी कधी चुकले नाही. म्हणजे बघा, दूध आणि शेंगदाणे यांचे अंश... अंश कुठे? वर! म्हणजे वरची बिस्किटं धोक्याची, खालची बिनधोक! मला वाटलं, किती प्रामाणिक कंपनी आहे, सरळ सांगून टाकलंय बिचाऱ्यांनी. तरी मी घाबरट बाई, माझी खात्री होईना. तेवढ्यात नजर गेली कुठे? ज्या मोठ्या खोक्यातून त्यानं ते पाकीट काढलं होतं ना, त्या खोक्यावर हा एवढा मोठा बाण आणि खाली लिहिलेलं, 'ही बाजू वर'! घ्या! आता बोला! कंपनीलासुद्धा काळजी, की खोकं उलटं झालं तर अंश खाली यायचे!

मी दुकानदाराला विचारलं, "दादा, हे खोकं येताना उलटंबिलटं झालं नव्हतं ना?" तो म्हणाला, "वहिनी, बिस्किटं आहेत, अंडी नाहीत." मी म्हटलं, "सांगा तरी!" तो म्हणाला, "सरळच होतं बाई, घ्या आता, गिऱ्हाईक खोळंबलंय." झालं! पाकीट छातीशी उभं धरून, भरली घागर आणल्यासारखी जिना चढले, वरची निम्मी बिस्किटं बाजूला काढली, खालच्यातली चार डब्यात, बाकीची पाकिटातच उभी. वरची कोण खाणार? मला काय, मला सगळं चालतं!

पण जिवाला चैन? दिवसभर फोन हातात. वाजला नाही म्हणून भीती, आणि वाजेल म्हणूनही भीती. आणि भिंगरी आली की हो दुपारी उड्या मारत! ओठ जागेवर, डोळे जागेवर, श्वास मोकळा. मी तिची जीभ बघितली, पाठ बघितली, कानामागे बघितलं. ती म्हणाली, "आई, मी काय आंबा आहे का, पिकला का बघायला?"

संध्याकाळी मी ऐटीत घरात जाहीर केलं, तर घरात हा वाद! हे म्हणाले, "काहीतरीच! अंश म्हणजे ताप. दूध किती अंशांना तापवलंय ते सांगतात." आणि सासूबाई म्हणाल्या, "तुम्हा दोघांना काही कळत नाही. अंश म्हणजे पोटचं पोर. मूल म्हणजे आईबापाचा अंश. तसा दुधाचा अंश म्हणजे दही." मी विचारलं, "आणि शेंगदाण्याचा?" त्या शांतपणे म्हणाल्या, "तेल." आणि एवढं बोलणं चाललेलं असताना ह्यांनी काय केलं असेल? उरलेलं पाकीट उचललं आणि कपाटात ठेवलं... उलटं! मी ओरडले, "अहो! अंश खाली आले ना!" आता ते भिंगरीला कसं देणार? आणि टाकणार कसं? मग... बरोबर! ओळखलंत!

इथपर्यंत ठीक होतं हो. वेडेपणा घरातल्या घरात होता, आणि तो पचवायला मी होते. पण माझं तोंड! जन्मात मला कुणी काही विचारलं नव्हतं, आणि मला वाटलं, एवढं स्वस्तातलं गुपित आपल्याला सापडलंय, आपल्यापाशी ठेवणं बरं नाही. शिवणवाल्या ताईंच्या नातवालाही दूध चालत नाही, त्यांना सांगितलं. शाळेच्या दारात पोरांना न्यायला येणाऱ्या आयांना सांगितलं. एकीनं तर विचारलं, "तुम्ही नर्स आहात का?" आणि मी, लाज वाटते सांगायला, मी नाही म्हटलंच नाही, नुसती हसले! वर त्यांच्या फोनच्या ग्रुपवर बोलून पाठवलं, "मैत्रिणींनो, घाबरू नका, अंश वर असतो, मुलांना खालचं द्या." आवाजसुद्धा काय काढला होता मी... गणिताच्या बाईंचा!

आणि दोन दिवसांनी दुसरं पाकीट. तसंच उभं धरून आणलं, तशीच खालची काढली, भिंगरीनं माझ्यासमोर बसून खाल्ली... आणि म्हणाली, "आई, ओठाला मुंग्या आल्या."

बघता बघता खालचा ओठ सुजला, मानेवर लाल चट्टे. घरात डॉक्टरांनी देऊन ठेवलेलं औषध होतं ते पाजलं, तिला कडेवर घेतलं आणि सुटले. ह्या वेळी चपला घातल्या होत्या, पण दोन पायांत दोन वेगळ्या. वाटेत ती माझ्या गळ्याला घट्ट धरून विचारते, "आई, मी खालचीच खाल्ली ना? मग मी चुकले का?" ती विचारतेय, मी चुकले का!

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन दिलं, छातीला नळी लावून ऐकलं, तासभर समोर बसवून ठेवलं. सूज उतरायला लागली तशी माझी रडायची सोय झाली. मग त्यांनी विचारलं, "पाकीट वाचलं नव्हतं का?" मी म्हटलं, "वाचलं होतं की! नीट वाचूनच खालची दिली." "खालची म्हणजे?" मग मी सगळं सांगितलं. अंश, छेद, बाण, खोकं. बाई हसल्या नाहीत हो. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाल्या, "हे बघा, अंश म्हणजे किंचित. अगदी थोडंसं. एकाच कारखान्यात दूधही असतं, शेंगदाणेही असतात, त्याचा कण कुठल्या बिस्किटाला लागेल सांगता येत नाही. वर, खाली, मध्ये, कुठेही." मी म्हटलं, "मग पहिल्या पाकिटाला काही झालं नाही ते?" "त्यात नसेल." "म्हणजे आहे की नाही?" "असू शकतं." "अहो बाई, पण नक्की काय?" त्या म्हणाल्या, "नक्की एवढंच, की ते शब्द दिसले तर पाकीट परत ठेवायचं. अर्ध्या किमतीत असलं तरी."

घरी आल्यावर भिंगरी औषधानं पेंगुळली, सासूबाईंच्या मांडीवर झोपली, आणि मला एकदम आठवलं... ताईंचा नातू! शाळेच्या दारातल्या आया! तो ग्रुप! खाली धावले तर ताई म्हणतात, "ये गं, तुझ्या सांगण्यावरूनच आणलीत, खालची त्याच्यासाठी डब्यात भरून ठेवलीत बघ, उद्यापासून देणार." मी तो डबा त्यांच्या हातातून असा हिसकावला की त्यांना वाटलं मला भूकच अनावर झाली! सगळं ऐकून त्या खुर्चीत बसल्याच. म्हणाल्या, "अगं, मी तर दहावी पास आहे. मी तुझं ऐकलंच कसं?"

मग ग्रुपवर पुन्हा बोलून पाठवलं. ह्या वेळी आवाज गणिताच्या बाईंचा नव्हता, रडका होता. 'मैत्रिणींनो, माझं चुकलं, अंश म्हणजे किंचित, ते वर-खाली काही नसतं.' काय झालं? तिघींनी अंगठा दाखवला. एकीनं फुलं पाठवली. आणि एकीनं विचारलं, 'म्हणजे आता वरची द्यायची का?'

म्हणून म्हणते, जो भेटेल त्याला सांगते आहे, भाजीवाल्याला सांगितलं, बसच्या रांगेत सांगितलं, आता तुम्ही एवढं ऐकून घेतलंय तर तुम्हीही सांगा... हसा माझ्यावर, पोटभर हसा, हसत हसत सांगा, माझी बिलकूल हरकत नाही, पण कुणाच्या पोराच्या ओठाला मुंग्या यायच्या आत सांगा. एवढं पुढे कळवाच. कारण काल संध्याकाळी माझ्या नणंदेचा फोन आला. तिकडे, एवढ्या लांब राहते ती, मी तिच्याशी यातलं चकार शब्द बोलले नव्हते. म्हणाली, "वहिनी, तुला एक गुपित सांगू का? तुमच्याच भागातल्या कुणा नर्सबाईंनी शोधून काढलंय... बिस्किटं नेहमी खालची द्यायची!"

अहो, ते मी फक्त आमच्या भागात सांगितलं होतं, आणि तेव्हा कुणाला 'पुढे सांगा' म्हणावंसुद्धा लागलं नव्हतं!