नत्थूची शिशी अन् जावयाचा चेंडू

…नाही नाही, तुमीच सांगा, चेंडू ही खेळाची वस्तू आहे का नाही? मंग ज्या चेंडूले रात्रभर चार्जिंग करा लागते, ज्याच्यासंगं चाळीस पानांचं पुस्तक येते, त्याले चेंडू कोण म्हणन? पण आमचे जावई, यशदीप, बीरगांवले कारखान्यात इंजिनिअर आहेत, ते शनिवारी आमच्या शंकर नगरच्या घरी आले, डब्ब्यातून एक पिवळा गोळा काढला अन् माझ्या हातावर ठेवला, जसा काही लाडूच! "पापाजी, ये पानी पे तैरेगा. नीचे गहराई कितनी, पानी कितना गरम, मछली कहाँ, सब मोबाइल पे दिखेगा." मराठी सारी समजते त्यायले, पण बोलतात हिंदीच! मी म्हटलं, बापू, चाळीस वर्षं झाले मले गळ टाकता, पाण्याच्या पोटातलं कोणाले दिसते जी? हसले. म्हणाले, "बस इसको अलग डोरी से बाँधना. काँटे वाली डोरी से बिल्कुल नहीं." मी म्हटलं, हव.

तुमाले सांगतो, हे 'हव' म्हणतानाच मी अर्धं विसरलो होतो.

आता आमचा नत्थू. नत्थू मेश्राम. वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात तीस वर्षं आमी एकाच पाळीत, अन् रिटायर झाल्यावर दर रविवारी एकाच तलावावर. त्याच्याजवळचं मशीन ऐका! औषधाची एक काचेची शिशी. खाली शिसं बांधलेलं. वर दोरी, दोरीले हाताहातावर गाठी. बुचाले वेगळी सुतळी. शिशी पाण्यात सोडते, गाठी मोजते, पाच… सहा… सात… अन् सुतळीले एक झटका! बूच निघते, त्या खोलीचं पाणी शिशीत भरते, भर्रकन वर ओढते अन् दुधवाल्याचं काचेचं थर्मामीटर त्याच्यात खुपसते. चश्मा कपाळावर, एक डोळा बंद. "सव्वीस." बस! एवढंच बोलते. कोणी विचारलं काहून इतकी मेहनत, तं म्हणते, "मासा थंडाव्याले जाते. मले त्याचा पत्ता पाहिजे."

रविवारी गेलो आमी, आरंगच्या रस्त्याले आहे तो तलाव. मे महिना, सकाळी नवालेच डोक्यावर तवा ठेवल्यासारखं ऊन. मी मोठ्या ऐटीत चेंडू टाकला अन् मोबाइल काढला. बाप्पा! तुमाले काय सांगू! पाण्याचा तळ दिसून राहिला जी! मधी खड्डा, बाजूले चढ, अन् लिहून आलं, अठरा फूट. मी म्हटलं, नत्थू, पाह्य! त्यानं आपली दोरी सोडली. बारा गाठी. दीड-दीड फुटाचा हात, बारा हात… अठरा! मी त्या मोबाइलकडे पाहतो, त्या गाठींकडे पाहतो! चाळीस वर्षं मी त्याले येडा समजत होतो अन् तो तं सरकारी नकाशा निघाला!

मंग गरमीचं पाहिलं. चेंडू म्हणे एकतीस. नत्थूची शिशी म्हणे सव्वीस. मी म्हटलं, आला घोळ! आता कोण खोटं? नत्थू शांतपणे बुचाचं पाणी पुसून राहिला. "दोघंबी खरे. चेंडू वर तरंगते, तो पाण्याच्या डोक्याचा ताप सांगते. शिशी खाली जाते, ती पोटाचा सांगते." आता बोला! आणि मी लोकाले विचारत फिरतो, पाण्याच्या पोटातलं कोणाले दिसते जी?

अन् इथं माझी अक्कल गेली. दोन दोऱ्या कोण सांभाळन म्हणून मी चेंडू गळाच्याच दोरीले बांधला. खाली गळ, वर चेंडू. म्हटलं, तरंगा बी झाला अन् मशीन बी झालं! नत्थू म्हणे, "जावयानं काही सांगितलं नव्हतं?" मी म्हटलं, त्यायले काय समजते?

पाच मिनिटं. पाचच! चेंडू हालला, डुबला, अन् हातातली काठी अशी ओढली गेली की मी गुडघ्यावर! फटकन दोरी तुटली, अन् जावयाचा चेंडू निघाला ना जी तलाव पाहाले! वर आला की मोबाइलवर आकडा, नऊ फूट! गायब. चौदा फूट! गायब. आमी दोन म्हातारे काठाकाठानं पळून राहिलो, मी ओरडतो "बावीस! नत्थू, बावीस!" अन् नेमका त्याच वेळी मोबाइल वाजला. यशदीप! "पापाजी, चल रहा है ना?"

मी म्हटलं, चालते काय बापू, पळून राहिला आहे!

फोन ठेवला तं स्क्रीन काळी. पाणी गुळगुळीत. चेंडू नाही, काही नाही. पोरीच्या संसारात पहिल्यांदा जावयानं विश्वासानं वस्तू दिली, अन् मी ती माशाले देऊन बसलो!

नत्थूनं मात्र केवट नावाड्याचा डोंगा मागून आणला. "बस." मधी जाऊन शिशी सोडली. सात गाठी, झटका. "एकोणतीस. इथं नाही." डोंगा पुढं. "अठ्ठावीस. इथं बी नाही." मी म्हटलं, अरे तलाव केवढा, पाण्याच्या पोटातलं कोणाले दिसते जी? तो शिशी सोडतच राहिला. मंग काठावरच्या पिंपळाच्या बाजूनं, सात गाठी… झटका… "सव्वीस. खाली झरा असन. थकलेला जीव इथंच येईन."

वल्हं उचललं. पाण्याकडे पाहत बसलो. तुमाले सांगतो, कारखान्यात भोंगा बंद झाल्यावर जशी शांतता पडे ना, तशी.

डुबुक!

पिवळा चेंडू! हातभर अंतरावर! नत्थूनं दोरी धरली, हळूहळू ओढली, अन् पाण्यातून कतला मासा वर आला… काय सांगू… डोकं बालटीएवढं. डोळा सोन्याच्या बटनासारखा. ओठात एक जुना गंजलेला गळ, कोणाचा, कोण्या सालचा, कोणाले माहीत! थकून आडवा झालेला, फक्त कल्ले हालून राहिले. मी जाळी उचलली. नत्थू म्हणे, "थांब. आधी हात लाव."

मी हात लावला. बाहेर आग बरसून राहिली होती, अन् त्याचं अंग थंडगार. सात हाताखालची थंडी तो सोबत घेऊन वर आला होता! चाळीस वर्षं मासे धरले जी मी, एकाचंबी अंग असं कधी पाहिलं नव्हतं. नत्थूनं ब्लेडनं दोरी कापली, चेंडू डोंग्यात टाकला, दोन्ही गळ हलक्या हातानं काढले. माझी जाळी हातातच. कतल्यानं एक पलटी मारली अन् गेला. आमी त्याले सोडला का तो सुटला, आजपर्यंत मले नक्की सांगता येत नाही.

घरी आलो. चेंडू पुसून डब्ब्यात ठेवला. बायको, शेवंता, स्वयंपाकघरातून बाहेर आली, माझ्या रिकाम्या हाताकडे पाहिलं. तिनं भरवशावर माशाचा मसाला भाजून, वाटून, फोडणीले टाकला होता. मी सारं सांगितलं. डोळा सांगितला, थंडावा सांगितला, नत्थूचं सांगितलं. तिनं सारं ऐकून घेतलं, आत गेली, अन् त्याच मसाल्यात चार आलू चिरून टाकले.

खाल्ले जी. काटे नव्हते, एवढं चांगलं झालं.