एका वर्षात दोन भाऊ

(सोलापूर, १९७६. गिरणीचं ऑफिस. मालती कार्डांना भोकं पाडणाऱ्या मशीनपाशी, समोर बदली कामगार ईरप्पा.)

मालती : तुमच्या भावाचं कार्ड मशीननं परत टाकलंय, ईरप्पा. बाप एक, जन्मतारीख एक. एकच माणूस दोनदा घुसतोय म्हणे.

ईरप्पा : शिवयोगी खाली फाटकावर हुबा हाय की. बघा वाकून.

मालती : मी बघीन हो. मशीन कसं बघणार?

ईरप्पा : आमाला एकाच दिवशी शाळेत घातलं, बाई. मास्तरनं दोघांन्ला एक जून लिवलं. अख्ख्या वर्गाला तेच.

मालती : मुंबईच्या साहेबांचा नियम आहे. एका बापाची दोन मुलं एका वर्षात, की दुसरं खोटं.

ईरप्पा : आन् जुळी?

मालती : साहेब एकुलते एक असावेत. मी तार केली होती. उत्तर आलं, नियम बरोबर, माहिती सुधारा.

ईरप्पा : मग सुधारा की. धाकट्याला वर्सानं धाकटा करा.

मालती : केला. मग तो तेराव्या वर्षी गिरणीत लागला असं निघतं. चौदाच्या आतला चालत नाही. पुन्हा परत.

ईरप्पा : लई शिस्तीचं हाय. आन् न्हाय सुधारलं तर?

मालती : उद्या कार्डं मुंबईला जातात. ज्याचं कार्ड नाही, तो कायम होत नाही. जन्मभर बदलीच.

ईरप्पा : पंचवीस वर्सं रोज फाटकावर हुबं ऱ्हातोय, बाई. बोलावलं तर काम, न्हाय तर घरी. आता मला थोरला करून बघा.

मालती : बघितलं. तुमची चाळिशी उलटते. चाळिशीपुढचे कायम होत नाहीत. शिवयोगीचं कार्ड जातं, तुमचं परत येतं.

ईरप्पा : त्याचं जातं?

मालती : अगदी सुरळीत.

ईरप्पा : मग ऱ्हाऊ द्या तसंच.

मालती : अहो, असं काय करता! घरी तरी विचारा.

ईरप्पा : थोरला मीच हाय की. खोटं कुटं लिवतोय आपण?

मालती : मला नाही बरं वाटत हे. शिवयोगी येऊन विचारेल, त्याला काय सांगू?

ईरप्पा : माझं कार्ड मशीननं काढलं म्हणा. माझं नाव सांगितलंत तर सोताचं कार्ड फाडून टाकील तो.