तुळईतली भोकं

दुपारचं घर चिडीचूप होतं. नूपुर गादीवर झोपली होती, मिनल डाळ निवडत बसली होती. डोक्यावरची तुळई ‘कट्’ करून वाजली आणि चिमूटभर भुसा डाळीत पडला. मागोमाग फोन. माळ्यावर राहणाऱ्या थोरल्या जाऊबाईंचं नाव पाहून मिनलच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“हॅलो? ...हो, मीच पाठवला मेसेज. उद्या धोंडबा सुतार येऊन राहिला... तुम्हाले विचारायचं? अन् भाऊजींनी भोकं पाडली, तवा मले विचारलं होतं का, श्वेताताई?

“हो, हो... नरखेडले माहेरी होती मी. म्हणूनच तर! तुमच्या कूलरच्या पाईपाले वळसा नको, म्हणून तुळईतूनच आरपार ड्रिल. एक जमलं, तीन चुकले...

“बुजवले? भुसा नि गोंद कोंबून वरून रंग मारला, त्यानं लाकडात जीव आला का?

“काय म्हटलं? ...हो जी, सुतारही भोकंच पाडन! पण दोन्ही अंगांनी सागाच्या फळ्या देऊन, बोल्टनं आवळन. शोभेसाठी नाही पाडत तो.

“अहो, ऐका ना... आधी ट्रकच्या जॅकनं तुळई वर उचला लागते. तिच्यावरचं वजन हटवल्याबिगर हातच लावत नाही म्हणते तो. तुमचं लोखंडी कपाट नि पाण्याचा ड्रम, दोन्ही नेमके तिथंच...

“माहेरचं कपाट हाय, म्हणून नाही हलवत? ...अन् खाली पोरगी झोपते, ते?

“शाप कोण देऊन राहिलं! रोडनं ट्रक गेला का भुसा पडते. आता डाळीत पडला, मघा तिच्या केसात होता.

“दुसऱ्या खोलीत झोपवू? ...वा! त्या खोलीले कुलूप कोणाचं हाय, ताई?

“मी? मी काहून येऊ वर पाहाले? दिवाळीत तुम्हीच म्हटलं ना, माझा जिना चढू नको. नाही चढत. मेली तरी नाही चढत!

“बरं. नका हलवू. मीच टेकू लावतो, अन् बसतो त्याले धरून रात्रभर... हॅलो? ...हॅलो?”

फोन कटला होता. मिनलनं तो गादीवर आपटला, मग हळूच नूपुरच्या केसांतला भुसा झटकला.

 थोड्या वेळानं वर लोखंड फळ्यांवरून खरडत निघालं. वीतभर सरकून थांबलं. बांगड्या वाजल्या, कोणीतरी धापा टाकत खाली बसलं, उठलं. कपाट पुन्हा वीतभर भिंतीकडे सरकलं.

मिनल अर्धवट उठली. दाराकडे पाहिलं, जिन्याकडे पाहिलं, आणि परत डाळीपाशी बसली.

नूपुरनं डोळे उघडले. छताकडे बघत विचारलं,

“आई, मोठी आई एकटीच ओढून राहिली वं... आपण काहून नाही जात?”