‘दर्यासोनी’ कुणाची?

पनवेल स्टँडवर उरणच्या गाडीची वाट बघत होतो. शेजारच्या बाकावर सुक्या मासळीची पाटी घेतलेली बाई आणि लॅपटॉप उघडलेली तिची मुलगी.

"आये, आपल्या वेबसाइटला ‘दर्यासोनी’ नाव मिळतंय का बघते. माझा प्रोग्राम वेबसाइटची नावं विकणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरला विचारतो."

"विचार गो. बोट मोडली, नाव तरी राहूदे."

"अगं, कुणीतरी घेतलंय! कालच."

"कोनी? तुज्या बापसाच्या बोटीचं नाव हाय ते!"

"थांब, मालक कोण ते विचारते."

"जाऊंदे प्राजू. दुसरं शोधू."

"आये... उत्तर आलंय. गंगू काशिराम कोळी."

"ती तं मीच!"

"काल प्रोग्राम तपासताना माझीच चूक झाली. नाव मोकळं आहे का, एवढंच विचारायचं होतं. मी सरळ नोंदवूनच टाकलं. मालक म्हणून तुझं नाव लिहिलं होतं."

"मंग आता ते कोन नेनार नाय?"

"नाही. चल, गाडी लागली."

"थांब जरा. तुज्या प्रोग्रामला परत एकदा विचारू दे, मालक कोन हाय."